उजवीकडचा चौकोन

१

सकाळची कॉफी झाली की रत्नाकर हॉलमधल्या टेबलापाशी जाऊन बसायचा, तो बायकोनं, स्मितानं जेवायला हाक मारेपर्यंत. जालहळ्ळीतल्या त्या गल्लीत कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की तो त्याच्याकडे यायचा. कुणाच्या सीपीयूच्या डब्यात पंख्यावर धूळ साठलेली असायची, कुणाची रॅम खाचेतून सैल झालेली, कुणाचा मॉनिटर नुसताच लुकलुकायचा. सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याच्या टेस्टिंग विभागात त्याची सगळी नोकरी झाली होती. निवृत्तीनंतरही हात स्वस्थ बसत नव्हते.

टेबल मात्र अर्धं होतं. पूर्वी ते लांबलचक, सागवानी होतं आणि त्याच्या दोन टोकांना दोघं भाऊ बसायचे. थोरला सूर्यकांत, ज्याला घरीदारी सगळे अण्णा म्हणत, तोही त्याच कारखान्यातला. अण्णा मॉनिटर दुरुस्त करायचा, रत्नाकर डब्याच्या आतलं. मग आई गेली आणि घर बिल्डरला द्यायचं की नाही यावरून दोघांचं बिनसलं. अण्णाला द्यायचं होतं, रत्नाकरला नव्हतं. वकील झाले, शेजाऱ्यांची मध्यस्थी झाली आणि शेवटी हॉलच्या मधोमध भिंत आली. भिंतीच्या रेषेत टेबल येत होतं. ते पूर्ण दुसऱ्याला द्यायला कुणीच तयार होईना, म्हणून सुतारानं ते जागच्या जागी कापलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे, दोन्ही भिंतीला टेकलेली. टेबलाखालून पूर्वी वायरी जायच्या, तिथे गवंड्यानं जमिनीलगत एक भोक ठेवलं होतं. ते कुणी बुजवायचं यावरूनही जुंपली, आणि ते तसंच राहिलं.

पुढे अण्णा आपल्या अर्ध्या घराला कुलूप लावून मुलाकडे, अद्वैतकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला बेळ्ळंदूरला राहायला गेला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

त्या सकाळी रत्नाकर कॉम्प्युटरवर वीजबिल बघत होता. बिलाची खिडकी बंद करायला त्यानं माउस उजवीकडे सरकवला आणि पडद्यावरचा बाण दिसेनासा झाला.

कडेला अडकायला हवा होता तो. एकच मॉनिटर असला की बाण कडेपर्यंत जातो आणि थांबतो. हा थांबला नाही. कडेच्या पलीकडे निघून गेला, जणू उजव्या हाताला आणखी एक मॉनिटर ठेवलेला आहे. उजव्या हाताला भिंत होती.

रत्नाकरनं माउस डावीकडे ओढला. बाण परत आला. पण लगेच नाही आला.

२

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. असा भास कॉम्प्युटरला होतो. ग्राफिक्स कार्डाला वाटतं की दुसरा पडदा जोडलाय, आणि ते त्याच्यासाठी जागा धरून बसतं. रत्नाकरनं सेटिंग्ज उघडली. तिथे दोन चौकोन होते. एकावर १, तो त्याचा स्वतःचा रुंद मॉनिटर. त्याला चिकटून उजवीकडे दुसरा, थोडा बुटका, जवळजवळ चौरस. त्यावर २.

त्यानं केबल काढून फुंकर मारून परत लावली. चौकोन तिथेच. केबल बदलली, ड्रायव्हर पुसून नव्यानं घातला, शेवटी डबा उघडून ग्राफिक्स कार्डच उपसलं आणि मॉनिटर सरळ मदरबोर्डाला जोडला. कॉम्प्युटर चालू झाला, पडदा उजळला, आणि सेटिंग्जमध्ये दोन चौकोन शेजारी शेजारी.

दोन दिवसांनी तो एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन दुसरा मदरबोर्ड घेऊन आला. डब्यात आता जुनं म्हणण्यासारखं फारसं काही उरलं नाही. चौकोन उरला.

"अहो, एवढं काय त्यात?" स्मिता शेंगा सोलता सोलता म्हणाली. "काम चालतंय ना त्याच्यावर?"

"चालतंय."

"मग राहू दे की. इतक्या गोष्टी आपण राहू दिल्यात."

तिचा रोख भिंतीकडे होता.

त्याला डाचत होती ती त्या दुसऱ्या चौकोनाची मापं. हल्ली तसे पडदे कुणी बनवत नाही. अण्णा आयुष्यभर ज्या जाड्या, काचेच्या पोटाच्या मॉनिटरवर काम करायचा, त्याचं माप तेच होतं.

३

मग खिडक्या तिकडे उघडायला लागल्या.

रत्नाकर फोटोंचा फोल्डर उघडायचा, खालच्या पट्टीत त्याची खूण यायची, पण पडद्यावर काही दिसायचं नाही. फोल्डर उघडलेला असायचा, पण त्या पलीकडच्या जागेत. ओढून आणावा तर माउस जड व्हायचा. टेबल पुसलं, माउस पुसला, नवीन माउस आणला. बाण एकदा पलीकडे गेला की परत आणताना मध्येच अडखळायचा, दुसऱ्या कुणाचा हात त्याच्यावर असावा तसा. लहानपणी पतंगाचा मांजा ओढताना अण्णा फिरकी अशीच घट्ट धरायचा, आणि मग एकदम सोडून द्यायचा.

तिकडे काय चाललंय हे बघायचा एक मार्ग होता. स्क्रीनशॉट घेतला की कॉम्प्युटर त्याला ठाऊक असलेल्या सगळ्या पडद्यांचं एकत्र चित्र काढतो, ते पडदे दिसोत की न दिसोत. ही युक्ती रत्नाकरला पहिल्याच दिवशी सुचली होती. ती वापरायला मात्र त्यानं आठवडा लावला.

चित्र उघडलं. डावीकडे त्याचा पडदा. त्याला जोडून उजवीकडे तो चौरस तुकडा, आणि त्यावर त्याच्या हरवलेल्या सगळ्या खिडक्या. वीजबिल, फोटो, गल्लीतल्या कुणाच्या तरी डब्याची माहिती. सगळ्या एकाच मापाच्या केलेल्या, कडेला कड लावून, फरशा बसवाव्यात तशा. फोटोंच्या फोल्डरमधला आईचा फोटो मोठा करून मधोमध ठेवला होता.

रत्नाकर खुर्ची मागे सरकवून उठला. आणि पाठोपाठ संताप आला, आणि संतापानं त्याला बरं वाटलं. खिडक्या अशा कडेला कड लावून मांडणारा माणूस त्याच्या माहितीत एकच होता. अण्णाला कॉम्प्युटर येत नव्हता थोडाच. बेळ्ळंदूरला बसून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायला हल्ली काय लागतं? घर विकत नाही म्हणून म्हातारा भुताटकी करतोय.

त्यानं इंटरनेटची वायर उपसली, राउटर बंद केला आणि स्मितालाही फोन बंद करायला लावला. मग आईचा फोटो इकडे ओढून आणला, मिटला, आणि मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन भांडंभर पाणी प्यायला.

परत आला तेव्हा पडद्यावर काही नव्हतं. त्यानं स्क्रीनशॉट घेतला. आई पुन्हा मधोमध होती. आणि त्या पडद्यावरची अक्षरं आधीपेक्षा मोठी केलेली होती, बारीक वाचवत नसलेल्या माणसानं करावी तशी.

अण्णाला मोतीबिंदू आहे असं कुणाकडून तरी कानावर आलं होतं. रत्नाकरनं ते घट्ट धरून ठेवलं. कसं केलं असेल हा प्रश्न वेगळा. पण कुणी केलं, ते तरी माहीत होतं.

४

बेळ्ळंदूरला पोचेपर्यंत रिंग रोडच्या गर्दीत त्याचा राग निम्मा आंबून गेला होता. दार अण्णाच्या सुनेनं, अमृतानं उघडलं. ती पुण्याची, लग्न होऊन आली तेव्हा भिंत आधीच उभी होती. चुलतसासऱ्याला ती दुसऱ्यांदा बघत होती.

"काका? या ना. बाबा आत आहेत. तुम्ही येणार हे त्यांना माहितीये का?"

"माहीत असेल," रत्नाकर म्हणाला.

अण्णा आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसला होता. केस पार पांढरे झाले होते, मान बारीक झाली होती. रत्नाकरला बघून तो उठला नाही, त्यानं आश्चर्यही दाखवलं नाही.

"आलास," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं. मनासारखं झालं का तुझ्या?"

"माझ्या? मी काय केलं?"

"हे." अण्णानं पडद्याकडे बोट केलं. सेटिंग्ज उघडीच होती. दोन चौकोन. रुंद चौकोनाच्या डावीकडे, चिकटून, एक बुटका. "अद्वैतनं सगळं बघितलं. त्याच्या ऑफिसातला माणूस बघून गेला. जात नाही. माझ्या फायली तिकडे ओढून नेतोस. आईचा फोटो नेलास. अर्धं घर माझं आहे म्हणून मला घाबरवून माझा हिस्सा सोडवून घ्यायचाय तुला."

अण्णाच्या डाव्या हाताला काचेचं दार होतं, त्यापलीकडे बाल्कनी, आणि बाल्कनीपलीकडे कितीतरी मजले खाली तळं.

"अण्णा, माझ्याकडे तो उजवीकडे आहे," रत्नाकर म्हणाला.

"असणारच. तू इकडून मी तिकडून."

"मी नाही करत. मला वाटलं तू करतोयस. घर विकावं म्हणून."

"मला तुझं घर नकोय, रत्ना. मला माझं हवं होतं. ते तू विकू दिलं नाहीस."

अमृता दारात उभी होती. पाण्याचा ग्लास तिच्या हातातच राहिला होता.

"सॉरी, मी मध्ये बोलतेय," ती म्हणाली, "पण तुम्ही दोघंही घाबरलाय. तेवढं तरी एकमेकांना सांगा. काका, तुमच्याकडे तो उजवीकडे आणि बाबांकडे डावीकडे. मग मधे येतो तो भिंतीपलीकडचा बाबांचा बंद हॉल. तिथे कुणी जाऊन बघितलंय का?"

अण्णानं चष्मा काढून पुसला.

"किल्ली माझ्याकडे आहे," तो शेवटी म्हणाला. "पण तुला त्या दारातून आत येऊ देणार नाही."

"मला यायचंही नाही."

"सरी, ठीक आहे. मग मी आत उभा राहतो, तू तुझ्या बाजूनं बघ. रविवारी येतो."

५

रविवारी दुपारी अण्णा एकटाच आला. बाजूच्या बोळातून आपल्या दाराशी गेला. कुलूप गंजलं होतं, ते उघडायला त्याला वेळ लागला. रत्नाकर आपल्या खिडकीतून बघत होता. उंबऱ्याशी अण्णानं चपला काढल्या. घरात चपला घालून जायचं नाही ही आईची शिस्त. रिकाम्या, धुळीनं भरलेल्या घरातही त्यानं ती पाळली.

रत्नाकर टेबलापाशी येऊन बसला. फोन वाजला.

"आत आलोय," अण्णाचा आवाज फोनमधूनही आला आणि भिंतीतूनही, जरासा मागेपुढे.

"काय दिसतंय?"

"टेबल. धूळ. पालीची अंडी. दुसरं काही नाही."

"मॉनिटर?"

"नाही म्हटलं ना. टेबलावर काही नाही."

सेटिंग्जमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की जोडलेल्या प्रत्येक पडद्यावर त्याचा आकडा मोठ्या अक्षरात क्षणभर उमटतो, कुठला कुठला ते ओळखू यावं म्हणून. रत्नाकरनं बाण त्या बटणावर नेला.

"दाबतोय."

त्याच्या पडद्यावर मोठा १ आला आणि गेला.

"काही दिसलं?"

"नाही."

"उजेड?"

"रत्ना, खिडक्या बंद आहेत, दाराच्या फटीतला उजेड सोडला तर अंधार आहे. उजेड झाला असता तर सांगितलं असतं. तुझा खेळ झाला असेल तर मी निघतो."

"थांब. पुन्हा दाबतो."

या वेळी रत्नाकरची नजर पडद्यावर नव्हती. ती सहज खाली, टेबलाखाली गेली होती. भिंतीच्या तळाशी, त्या न बुजवलेल्या भोकातून, निळसर पांढरा उजेड त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडला होता.

त्यानं फोन टेबलावर ठेवला. गुडघे दुखत असतानाही तो खाली बसला, मग आडवा झाला आणि डोळा भोकाला लावला.

पलीकडची जमीन उजळलेली होती. धुळीवर अण्णाच्या पावलांचे ठसे होते, दारापासून टेबलापर्यंत आलेले. टेबलाजवळ दोन अनवाणी पावलं शेजारी शेजारी, जमिनीवर सपाट टेकलेली. वरचे पाय गुडघ्यात वाकलेले, म्हणजे माणूस बसलेला होता. डाव्या अंगठ्याचं नख वेडंवाकडं. कारखान्यात त्यावर मॉनिटर पडला होता, तेव्हा रत्नाकरनंच त्याला उचलून दवाखान्यात नेलं होतं. पावलांच्या मागे खुर्चीचे पाय होते, काळपट. खुर्चीचेच असणार.

म्हणजे अण्णा मजेत बसला होता. खुर्ची टाकून, समोर पडदा मांडून. आणि तोंडानं म्हणत होता काही नाही. रत्नाकरला एवढा राग आला की डोळ्यात पाणी आलं. ते पुसून तो पुन्हा बघतो तर उजेड गेला होता. भोकात अंधार होता, आणि आतून जुन्या कपड्यांच्या पेटीसारखा वास येत होता.

तो उठला तेव्हा फोन कट झालेला होता.

६

अण्णा रत्नाकरच्या पुढच्या दारानं आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अनवाणीच आला. स्मितानं काही न विचारता कॉफी टाकली. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला आणि बऱ्याच वेळानं बसला.

"झालं नाटक?" रत्नाकर म्हणाला. "मी बघितलं तुला. भोकातून."

"काय बघितलंस?"

"पडदा लावून बसला होतास ते."

अण्णानं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि ते रत्नाकरला आवडलं नाही.

"तूच बस म्हणालास," अण्णा म्हणाला.

"मी?"

"फोनवर. सारखा सांगत होतास. स्वल्प उजवीकडे, अजून जरा उजवीकडे. पूर्वी जाड्या मॉनिटरचं चित्र सरळ करताना मी मागून स्क्रू फिरवायचो आणि तू समोरून सांगायचास, तसंच. मी सरकत गेलो. मग म्हणालास, आता बस."

"अण्णा, मी तेव्हा जमिनीवर आडवा होतो. फोन टेबलावर होता. मी एक अक्षर बोललो नाही."

स्मिता कॉफी घेऊन आली होती. ती तिथेच थबकली.

"हे काहीच बोलले नाहीत," ती हळूच म्हणाली. "मी स्वयंपाकघरात होते. इथे आवाज नव्हता, अण्णा."

कॉफीवर साय धरली. बाहेर गल्लीत भाजीवाल्याची गाडी कन्नडमध्ये ओरडत गेली.

"खुर्ची कुठून आणलीस?" रत्नाकरनं विचारलं. आवाज चढवायचा होता, तो चढला नाही.

"कसली खुर्ची? खुर्च्या मी जाताना नेल्या. दारात उभा राहून मोजत होतास की."

"मग बसलास कशावर?"

अण्णानं पेला उचलला, ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. धोतर चाचपावं तशी त्यानं मांडीखालची पँट चाचपली.

"मला वाटलं, काहीतरी आहे," तो म्हणाला. "अंधार होता. तू बस म्हणालास, मी बसलो." मग, भावाकडे न बघता, तो म्हणाला, "कोमट होतं."

रत्नाकर आठवू लागला. अण्णाची पावलं, आणि त्यांच्या मागे ते काळपट पाय. खुर्चीला चार असतात. त्याला दोनच दिसले होते. उजेड कमी होता, मागचे दोन अंधारात असतील. भोक केवढं, त्यातून दिसणार तरी किती?

अण्णा उठला. बोळातल्या चपला आणायला गेला नाही. रत्नाकरनं त्याला स्वतःच्या जुन्या चपला दिल्या आणि रिक्षा गल्लीबाहेर पडेपर्यंत तो फाटकाशी उभा राहिला. त्या दिवशी त्यांना काही बोलता आलं असतं. दोघांनीही ते पुढच्या खेपेवर टाकलं.

७

दुसऱ्या दिवशी सेटिंग्जमध्ये एकच चौकोन होता. बाण उजव्या कडेला जाऊन आपटायचा आणि थांबायचा. अमृतानं कळवलं की बाबांकडचाही गेला.

महिन्याभरात अद्वैत कागद घेऊन आला. अण्णानं आपला अर्धा हिस्सा रत्नाकरच्या नावे करून दिला होता, न मागता. ज्यासाठी भावांनी एकमेकांचं तोंड पाहणं सोडलं होतं, ते सगळंच्या सगळं रत्नाकरला मिळालं. गवंडी विचारायला आला, भिंत कधी पाडायची. रत्नाकर म्हणाला, राहू दे. भोक तेवढं बुजवून घेतलं.

"बाबा बरे आहेत," अमृता एकदा फोनवर म्हणाली. "फक्त कुठेही बसायच्या आधी हातानं चाचपून बघतात. सोफासुद्धा. तुम्ही एकदा येऊन जा ना, काका. ते तुमचं नाव काढतात."

जायचं त्याच्या मनात होतं. आज उद्या करता करता दिवस गेले.

मग एका दुपारी, स्मिता वाळवण काढायला गच्चीवर गेलेली असताना, फोन वाजला. पडद्यावर अण्णाचं नाव होतं. रत्नाकरनं उचलला.

"रत्ना," अण्णाचा आवाज आला. मऊ, जुना, आई असतानाचा. भिंतीनंतर त्यानं तो कधीच ऐकला नव्हता. "झालं गेलं सोड. एकदा ये. समोरासमोर बसू."

रत्नाकर चपला शोधायला उठलासुद्धा. ये म्हणतोय तर आत्ता निघतो, असं ओठांवरही आलं होतं. आणि त्याच क्षणी त्याच्या मनात आलं की हा आवाज कुणाचा, ते आपल्याला सांगता येत नाही.

तो ऐकत राहिला. पलीकडे श्वास ऐकू येत होता. म्हातारा भाऊ उत्तराची वाट बघताना घेईल तसाच.

"रत्ना, ऐकतोयस ना?"

रत्नाकरनं फोन कट केला.

अमृताला विचारून खात्री करता आली असती. ती म्हणाली असती, बाबांनी फोन केलाच नाही. किंवा म्हणाली असती, केला होता, तुम्ही ठेवून दिलात, तेव्हापासून ते जेवले नाहीत. यातलं कुठलं ऐकायचं ते त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं विचारलं नाही.

स्मिता खाली आली. "कुणाचा होता?"

"राँग नंबर."

फोन पुन्हा वाजू लागला. अण्णाचं नाव पुन्हा उजळलं. स्मितानं ते वाचलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. फोन तिनंही उचलला नाही. दोघं उभी राहून तो थांबायची वाट बघत राहिली.